शेवटचा अर्धा इंच

मिनिआपोलिसला नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडला की आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच तीन प्रश्न येतात. गाडीवर गरम पाणी ओतलं तर चालतं का? घरातला झाडू मारला तर? आणि रात्री वायपर उभे करून ठेवायचे का? विचारणारा ऑगस्टमध्ये आलेला असतो. गाडी सेकंडहँड, पण हप्ता पहिल्या हाताचा. उत्तरं देणारे चार-पाच हिवाळे काढलेले असतात, त्यामुळे एका प्रश्नाला आठ उत्तरं येतात आणि त्यातली तीन एकमेकांच्या विरुद्ध असतात.

माझा इथला पहिला हिवाळा २०२२-२३ चा. त्या सीझनमध्ये या शहरात ९० इंच, म्हणजे साडेसात फूट बर्फ पडला. इथल्या नोंदींमध्ये तो तिसऱ्या नंबरवर आहे. गाडी काळी, पार्किंग उघडं, आणि ऑफिस आठवड्यातून तीन दिवस. त्यामुळे या विषयावर माझं मत तयार व्हायला वेळ लागला नाही.

आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते बघू. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. गाडी चमकते ती या थरामुळे. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्या चकाकीसाठी आपण हप्ते भरतो, ती केसापेक्षा पातळ आहे.

आता बर्फ. शून्याच्या आसपास बर्फाचा कठीणपणा मोह्स स्केलवर जेमतेम दीड. थंडी वाढली की तो अजून कडक होतो हे खरं, पण भुसभुशीत ताजा बर्फ स्वतः रंगाला फारसं काही करत नाही. खरा गुन्हेगार त्याच्या खाली असतो. इथे रस्त्यावर मीठ टाकतात. पण साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत टायरला पकड मिळावी यासाठी वाळूही पसरतात. वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, मोह्स स्केलवर सात. काचेपेक्षाही कठीण. ही वाळू आणि मीठ चाकांनी उडून गाडीवर बसतं, त्यावर रात्री सहा इंच बर्फ पडतो, आणि सकाळी आपण ब्रश घेऊन वरून खालपर्यंत दाबून घासतो. मधला बर्फ दिसायला मऊ, पण आपण प्रत्यक्षात गाडीला सँडपेपर मारत असतो.

म्हणून नियम एकच, बाकी सगळे त्याचे उपनियम: शेवटचा अर्धा इंच पत्र्यावरून काढायचा नाही.

फोमचं सपाट डोकं असलेला स्नो ब्रूम मिळतो, तो घ्यायचा. केसांच्या ब्रशमध्ये आदल्या दिवशीची वाळू गोठून बसते. ब्रूम बर्फात वरून टेकवायचा, पत्र्यापासून बोटभर वर ठेवायचा आणि बर्फ ढकलायचा. ओढायचा नाही, पुढे-मागे घासायचा तर नाहीच. ढकललं, उचललं, पुन्हा ढकललं. सुरुवात टपापासून, नाहीतर साफ केलेल्या काचेवर पुन्हा सगळं येतं. मधे ब्रूम बुटावर आपटून झटकायचा आणि जमिनीवर ठेवायचा नाही, कारण वाळूचा सगळा स्टॉक तिथेच असतो. प्लास्टिकचा स्क्रेपर फक्त काचेसाठी. फावडं गाडीच्या आसपासच्या जमिनीसाठी.

गरम पाण्याबद्दल: नको. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी पडलं तर एक बाजू अचानक प्रसरण पावते, दुसरी गारच राहते, आणि काच तडकू शकते. नाही तडकली तरी उणे पंधरामध्ये ते पाणी दाराच्या रबरात जाऊन गोठतं आणि मग दार उघडत नाही. काचेवर चिकटलेल्या बर्फासाठी दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी स्प्रे बाटलीत भरून ठेवलं की काम होतं. वायपर मी उभे करतो, पण वारा जोरात असेल तर नाही, कारण वाऱ्याने ते काचेवर आपटतात. झाडूचं उत्तर वर आलंच आहे.

आणि इंजिन चालू करण्याआधी मागे जाऊन एक्झॉस्टचा पाइप मोकळा करायचा. हे रंगासाठी नाही. पाइप बर्फाने बुजलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत येऊ शकतो, आणि त्याला ना रंग असतो, ना वास.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. गाडीच तर आहे. पण एच-वन-बीवर राहणाऱ्या माणसाची गाडी नुसती गाडी नसते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला ६० दिवस मिळतात. माझ्या रूममेटची नोकरी जानेवारीत गेली. सात आठवडे त्याने इंटरव्ह्यू दिले आणि आठव्यात गाडी विकायला काढली. घ्यायला आलेल्या माणसाने मोबाइलचा टॉर्च लावून तो बॉनेटवर तिरका धरला. सरळ प्रकाशात जे दिसत नव्हतं ते सगळं उठून दिसलं: कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, तीन हिवाळ्यांचे. त्या माणसाने काही न बोलता ठरलेल्या किमतीतून आठशे डॉलर कमी केले. वाद घालायला रूममेटकडे वेळच नव्हता. तिकीट काढलेलं होतं.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांचा प्रश्न सरळ होता, "अरे, मग ओलं फडकं मारायचं ना रोज?" सोलापूरला आमच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पिवळं फडकं कायम असतं आणि बाबा कुठेही निघायच्या आधी ते कोरडंच फिरवतात. पुण्यात सोसायटीत एक काका सकाळी सहाला एक बादली आणि एक फडकं घेऊन ओळीने सगळ्या गाड्या पुसतात. पहिल्या गाडीची धूळ त्याच पाण्यातून चौदाव्या गाडीला लागते. उन्हात उभ्या असलेल्या कुठल्याही काळ्या गाडीकडे तिरकं बघा, तीच जाळी दिसेल. तिथे बर्फ नाही, पण क्वार्ट्झ तोच आहे. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आधी पाणी मारून धूळ घालवा, मग फडकं." ते म्हणाले, "पाणी चार दिवसांनी येतं रे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथपर्यंत सगळं आपल्या फायद्याचं. अडचण पुढे आहे. शेवटचा अर्धा इंच सोडायला शिकलेला माणूस हळूहळू शेवटचे सहा इंचही सोडायला लागतो. विंडशील्डवर डोक्याएवढं भोक पाडायचं आणि निघायचं. टपावर बर्फाची गादी तशीच. विचारलं तर उत्तर तयार असतं, "रंगाला हात नको लावायला."

टपावरच्या बर्फाचं असं होतं: आतल्या हीटरने त्याचा सगळ्यात खालचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि पूर्ण टपाच्या आकाराची एक लादी तयार होते. दुसऱ्या दिवशी हायवेला ताशी साठ मैलांवर हवा तिच्याखाली शिरते आणि ती मागच्या गाडीच्या काचेवर जाते. ब्रेक दाबला तर आपल्याच काचेवर येते. मागच्या गाडीत कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं. पेनसिल्व्हेनियात २०२२ पासून कायदा आहे: बर्फ पडायचा थांबल्यावर २४ तासांच्या आत गाडीवरचा बर्फ काढायचा. कायदा करावा लागला, कारण लोकांना स्वतःची काच दिसते, दुसऱ्याची दिसत नाही.

त्यामुळे माझ्या डोक्यात गाडीचे दोन भाग झालेत. बॉनेट, दारं, डिकी हा माझा भाग. तिथे अर्धा इंच राहिला तर राहू दे, बॉनेटवरचा इंजिनाच्या उष्णतेने वितळतो. सगळ्या काचा, टप, दिवे, नंबर प्लेट, मागचा कॅमेरा हा दुसऱ्यांचा भाग. काचा आणि दिवे पूर्ण साफ. आजकालच्या एलईडी हेडलाइटची काच पूर्वीच्या हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे त्यावरचा बर्फ आपोआप जात नाही, हातानेच काढावा लागतो. टपावर लादी असेल तर ती उचकटायची नाही. दहा-पंधरा मिनिटं हीटर चालू ठेवायचा, खालची पकड सुटली की ब्रूमने बाजूला ढकलायची. वेळ नसेल तर ऑफिसला मेसेज टाकायचा. आणि तरीही ती सुटली नाही आणि निघणं भागच असेल, तर जोर लावायचा. ओरखडा येईल. येऊ दे.

आठशे डॉलर मोठी रक्कम आहे. मागच्या गाडीतल्या माणसाच्या काचेपेक्षा मोठी नाही.

बाकी तयारी ऑक्टोबरमध्येच करायची असते. गाडी धुऊन वॅक्स मारून ठेवली की बर्फ कमी चिकटतो आणि खाली वाळूही कमी असते. हिवाळ्यात पारा शून्याच्या वर गेला की त्याच दिवशी टचलेस वॉशला जायचं, जिथे ब्रश लागत नाही, फक्त पाणी मारतात. अशा दिवशी तिथे रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते. तरी थांबायचं.