घेतलं, पण विकत

नौपाड्यात वस्तू विकत घेतल्या जात नाहीत, नुसत्या घेतल्या जातात. राम मारुती रोडवरून आलेल्या मावशीने दोन साड्या घेतलेल्या असतात, शेजाऱ्यांनी गाडी घेतलेली असते आणि कुणाच्या तरी मुलाने घोडबंदरला जागा घेतलेली असते. पैसे दिले हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. शंका आलीच तर विचारायचं, ‘भाड्याने की विकत?’

ही सवय फक्त आपली नाही. लॅटिनमध्ये विकत घेण्यासाठी ‘एमेरे’ हे क्रियापद आहे आणि त्याचा जुना अर्थ ‘घेणे’ एवढाच होता. पूर्वीचे लोक ते त्या अर्थी वापरत, अशी नोंद फेस्टस या रोमन कोशकाराच्या नावावर आहे. लिथुआनियन भाषेतलं त्याचं भावंड ‘इम्ती’ आजही ‘घेणे’ याच अर्थाचं आहे. बाजार मागाहून आला आणि हात पुढे करण्याच्या साध्या क्रियेला किंमत चिकटली.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे या धातूची पिल्लावळ मला दिवसभर भेटते. प्रॉम्प्ट म्हणजे बाहेर काढून हाताशी ठेवलेलं. सॅम्पल आणि एक्झाम्पल म्हणजे ढिगातून काढून घेतलेलं. प्रीमियम म्हणजे इतरांआधी घेतलेलं. कन्झ्यूमरसुद्धा याच घरातला. सगळ्यांत गंमत प्री-एम्प्टिव्ह शेड्युलिंगची. प्री-एम्प्शन म्हणजे इतरांच्या आधी विकत घेणं. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र चालू प्रोग्रामच्या हातून प्रोसेसर काढून घेते, एक पैसाही न देता. शब्द फिरून मूळ गावी आला!

मराठीची गोष्ट याहून मजेशीर आहे. संस्कृतात ‘क्री’ म्हणजे विकत घेणे आणि ‘वि’ लावला की विकणे. आपल्याकडे ‘विकणे’ आणि ‘विक्री’ तोंडात राहिले. ‘क्रय’ उरला तो क्रयशक्तीसारख्या पुस्तकी शब्दांत. ‘खरेदी’ फारसीतून आली. मग रोजच्या बोलण्यासाठी आपण विकण्यापासूनच ‘विकत’ काढलं आणि त्याला ‘घेणे’ जोडलं. लॅटिनने हेच दुसऱ्या टोकाने केलं: ‘वेनुम दारे’, विक्रीला देणे, याचं आखडून ‘वेंदेरे’ झालं. आपला वाणीही माल विकत देतोच की.

पण घेतलं म्हणजे आपलं झालं का? रोमन कायद्याचं उत्तर चक्क ‘नाही’ असं होतं. विक्रीच्या कराराला ते ‘एम्प्तियो वेन्दितियो’ म्हणत. वस्तू आणि किंमत ठरली की करार पक्का. मालकी मात्र तेवढ्याने सरकत नसे. इटलीतली जमीन, गुलाम, बैल यांच्यासाठी वेगळा विधी होता, ‘मान्सिपातियो’, म्हणजे हाताने धरणे. पाच साक्षीदार, तराजू धरणारा सहावा माणूस, घेणाऱ्याने ठरलेले शब्द उच्चारून तराजूवर तांब्याचा तुकडा वाजवायचा. दुसऱ्या शतकातल्या गायसने हे सगळं लिहून ठेवलं आहे.

हसू नका. आपल्याकडे साठेखत वेगळं आणि खरेदीखत वेगळं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की, विक्रीचा करार स्वतःहून मालमत्तेत हितसंबंध निर्माण करत नाही. फ्लॅटवाल्याला १९६३च्या मोफा कायद्याचा आधार आहे, पण त्यातही दोन पायऱ्या आहेत: फ्लॅटचा करारनामा तुमच्या नावे, जमीन आणि इमारतीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे. करारात मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने ते करून द्यायचं.

आमच्या इमारतीत बाबांनी १९८८ साली जागा घेतली. घेतली म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, आईच्या पाटल्या गेल्या, चौथ्या मजल्यावर सामान चढवलं. ते चार महिने अजून संपलेले नाहीत. मालमत्ता पत्रकावर बिल्डरचंच नाव आहे; तो वारला, आणि त्याच्या मुलांना आता जमिनीची किंमत कळली आहे. पुनर्विकासाची बोलणी त्यामुळे अडली आहेत. वाढीव बांधकामाचा हक्क कुणाचा, इथेच गाडी थांबते. बाबांना हे पटतच नाही. ‘आपण घेतलीये ना जागा?’ असं ते दरवेळी विचारतात आणि मला व्याकरण आठवतं, जे त्यांच्यासमोर काढण्यात अर्थ नसतो.

२००८च्या दुरुस्तीमुळे बिल्डर येत नसेल तरी मानीव अभिहस्तांतरण मिळवता येतं. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते सुनावणी घेतात. आमच्या सोसायटीने पंधरा वर्षं हा विषय पुढच्या सभेवर ढकलला. आता फाइल माझ्याकडे आहे. सभासदांचे करारनामे, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र. सोळापैकी चौदा करारनामे स्कॅन झाले. तळमजल्यावरच्या काकूंचा सापडत नाहीये. त्या म्हणतात, जागा घेतली तेव्हा यांनी कपाटात ठेवला होता, पण ते कपाटच विकलं.