कॅसेटची दुसरी बाजू

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी माणसं दोन प्रकारची येतात. नळाची तोटी शोधणारी आणि काय शोधतोय ते न सांगणारी. पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ दुसऱ्यांपैकी. गोणपाटावरच्या पितळी समया, मुकी घड्याळं आणि वायरींचा गुंता यांतून त्याला एका काळ्या कीबोर्डचा कोपरा दिसला. डीबी स्पेक्ट्रम प्लस! त्यानं चेहरा कोरा ठेवला आणि आधी शेजारच्या इस्त्रीचा भाव विचारला.

हे यंत्र मुळात इंग्लंडचं. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं एप्रिल 1982 मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणला तो 125 पौंडांना. 48 के मेमरीचा हवा असेल तर 175. एवढा स्वस्त कसा? एक युक्ती तर अस्सल गृहिणीची होती. वरच्या 32 के मेमरीसाठी त्यांनी 64 केच्या अशा चिपा घेतल्या, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच नापास झाला होता. किडका भाग काढून वांगं भाजीत घालावं, तसा उरलेला चांगला अर्धा वापरला. 1984 मध्ये रबरी कळा जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या आणि नावापुढे 'प्लस' लागलं. तोच प्लस पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवान्यानं इथं विकला.

या गृहस्थाच्या घरी तो 1988 मध्ये आला, वडिलांनी पतपेढीतून काढलेल्या कर्जावर. मुलगा 'कॉम्प्युटर शिकेल' हा हेतू. मुलगा गेम शिकला.

कॉम्प्युटर घरातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवरून भरायचा. 'जे'ची कळ दाबली की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटे, पुढे दोन अवतरणचिन्हं, एंटर, मग टेपचं 'प्ले'. एक लांब शिट्टी, तिच्यामागून किरकिर, पडद्याच्या कडेला सरकते पट्टे. मोठा गेम चढायला पाचेक मिनिटं लागत आणि अगदी शेवटी यंत्र कळवी: 'आर टेप लोडिंग एरर'. मग बारक्या स्क्रू ड्रायव्हरनं टेपच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

कोऱ्या कॅसेटला पैसे मिळेनात, तेव्हा त्यानं वडिलांच्या अभंगांच्या कॅसेटवर हात टाकला. विकतच्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून वरच्या कडेला खाच असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की झालं. दुसऱ्या बाजूचे दोन अभंग गेले. वडील ओरडले नाहीत. चार दिवस बोललेच नाहीत. पुढे घरात पीसी आला आणि स्पेक्ट्रम भंगारवाल्याच्या तराजूत गेला. त्याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, त्यालाही नाही.

वाटू लागलं ते चाळिशीनंतर. आता त्याच्या माळ्यावर तीन 386 पीसी, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि सव्वापाच इंची फ्लॉपींचे दोन खोके आहेत. बायकोनं माळ्याची हद्द खडूनं आखून दिली आहे. या छंदात खरी स्पर्धा दुसऱ्या संग्राहकाशी नसते. जुन्या बोर्डातलं सोनं काढणाऱ्याशी असते. तो किलोनं घेतो आणि थांबत नाही.

"चालू आहे, साहेब," विक्रेता म्हणाला. जुन्या बाजारात सगळंच चालू असतं. इस्त्री राहिली बाजूला. 800 पासून सुरू झालेली घासाघीस 350 वर थांबली. वर दोन कॅसेटी फुकट.

घरी त्यानं घाईनं वीज दिली नाही. स्पेक्ट्रमच्या 9 व्होल्टच्या पिनेत मधलं टोक ऋण असतं, बहुतेक ॲडॉप्टरांच्या उलट. भलता खुपसला तर चिपा जातात. शिवाय खालच्या 16 के मेमरीला 5, 12 आणि उणे 5 असे तीन व्होल्टेज लागतात आणि त्यांतला उणे पाच गेला की ती मेमरीही जाते. मल्टिमीटर लावून त्यानं तिन्ही तपासले, सुकलेले कपॅसिटर बदलले. कळांखालचा पातळ मेम्ब्रेन पापडासारखा मोडला; तो अजून नवा बनतो, म्हणून इंग्लंडहून मागवला. टीव्हीला थेट व्हिडिओ जोडला.

मग कॅसेट. वरच्या खाचेवर चिकटपट्टी पाहून तो जरा थबकला. आधी नुसतीच ऐकली: पखवाज, टाळ, चढता आवाज, आणि ओळीच्या मध्येच कट. मग ती लांब शिट्टी. कुणाच्या तरी घरी आणखी कुणीतरी चार दिवस अबोला धरला असणार.

त्यानं टेप मागे घेतली, उरलेला अभंग पुन्हा ऐकला आणि मग वायर जोडली. पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे सरकू लागले, त्यांच्यामागून निळे-पिवळे. त्याच्या बालपणी ते सगळे राखाडी होते. वर नाव उमटलं: 'प्रोग्रॅम: होमवर्क'. तो मोठ्यानं हसला. पाचव्या मिनिटाला आर टेप लोडिंग एरर.

त्यानं ड्रॉवरमधून बारका स्क्रू ड्रायव्हर काढला.