घाटाचा दोष

आमच्या मोटारीला कसाऱ्याचा घाट सोसत नाही, असे मी दोन उन्हाळे भेटेल त्याला सांगत होतो. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा कसा शिस्तीत मध्यावर उभा! घाटात मालमोटारींच्या मागे मुंगीच्या पावलांनी चढू लागलो, की मात्र तो तांबड्या रेघेकडे निघे. एसी बंद केला, की निमूटपणे परते. एका गॅरेजात थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदलले आणि ‘आता बिनघोर जा’ असा आशीर्वाद मिळाला. आशीर्वादाचे बिल बरेच झाले.

गेल्या मे महिन्यात अण्णांना मुंबईच्या इस्पितळातून इगतपुरीला घरी आणीत होतो. उष्म्यापासून त्यांना जपा, असे डॉक्टरांनी बजावले होते. घाटात रस्ता तुंबला आणि काटा चढू लागला. एकदा मी काट्याकडे पाही, एकदा अण्णांच्या चेहऱ्याकडे. एसी दोनदा बंद केला, दोनदा लावला.

अण्णांचे सारे आयुष्य रेल्वेच्या इंजिनांच्या दुरुस्तीत गेलेले. ते म्हणाले, “एसी बंद ठेव. काचा उघड, आणि हीटर लाव.”

मे महिन्यात हीटर!

“अरे, हीटर म्हणजेही एक लहानसा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता आपण थोडी वाटून घेऊ.”

डोक्यावर ओला पंचा आणि पायांवर गरम झोत, अशा थाटात तो आजारी माणूस शांत बसून राहिला. काटा थांबला. मी घाटाला बोल लावताच मात्र ते हसले. “1865 साली आगगाडी इगतपुरीला पोचली. 37 फुटांना 1 फूट असा चढ. मागून ढकलणारी इंजिने लावून गाड्या वर नेल्या. पण कोणी घाटाविरुद्ध तक्रार लिहिल्याचे मी ऐकले नाही.” मग त्यांनी माझी उलटतपासणी आरंभिली. एसीवाचून तापते? नाही. वेगात असताना? नाही. “मग थर्मोस्टॅट कशाला बदललास?”

मजजवळ उत्तर नव्हते. त्यांनीच ते दिले. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर जादा ओझे घालतो, हे एक. शिवाय त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसलेला, तेव्हा आपली उष्णता तो समोरून येणाऱ्या हवेत सोडतो, आणि रेडिएटरच्या वाट्याला उष्टी, तापलेली हवा येते. वेगात वारा हे सारे निभावून नेतो. मंद चालीत भार पंख्यांवर. “तू दोनदा बटण दाबलेस, पंख्यांची घरघर वाढावयास हवी होती. मी कान देऊन होतो. आवाज तसाच.”

रात्री त्यांचे पाय चेपू लागलो, तर तळवे अजून कढत लागले. “बरे वाटते आहे,” एवढेच ते म्हणाले.

सकाळी गावातला मेकॅनिक आला. एसी लावला, तर दोन पंख्यांपैकी एक स्तब्ध! फ्यूज शाबूत होता. बॅटरीवरून थेट वीज दिली, तरी पाते हलले नाही. पंख्याची मोटर जळालेली. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत गतवर्षीच्या पाचोळ्याचा थर निघाला, तो वेगळाच. गॅरेजात सारी परीक्षा एसी बंद ठेवून झाली होती: ताप उतरल्यावर रोग्याला वैद्याकडे न्यावे, तसा प्रकार.

नवा पंखा बसल्यावर अण्णांनी ओसरीवर खुर्ची टाकावयास लावली. एसी लावून मोटार अर्धा तास जागेवरच चालू ठेविली. काटा मध्यावरून ढळला नाही. अण्णा काट्याकडे पाहातच नव्हते. कानामागे हात धरून ते घरघर ऐकत होते. मग आत वळून म्हणाले, “चहा टाका.”