ध्यानात ठेव

आमच्या चुडाव्याच्या काळ्या रानात वैर बांधावर उगवतं. उन्हाळी नांगरट सुरू झाली की शेजाऱ्याचा फाळ हळूच बांधाला लागतो. वर्षाला एखादी वीत. बघणाऱ्याला काही झालेलं दिसतही नाही. बांधावरची बोर असते तिथंच असते, फक्त एका अंगानं तिची मुळं उघडी पडतात. बाप पोराला तिथं नेतो, ती मुळं दाखवतो आणि म्हणतो, “ध्यानात ठेव.” पोर आठ-नऊ वर्षांचं. पाढे विसरेल, हे विसरत नाही. पुढं कधीतरी पोळ्याला कुणाचे बैल आधी न्यायचे यावरून बाचाबाची होते, कुऱ्हाड निघते, आणि लोक म्हणतात, एवढ्याशा कारणावरून!

‘ऑफेंडर’ हा रॉन स्कॅल्पेलोंचा 2012 सालचा ब्रिटिश चित्रपट पाहिला आणि मला ही बोर दिसायला लागली. 2011च्या लंडनमधल्या दंगलीच्या काळातली गोष्ट आहे. टॉमी नावाच्या तरुणाच्या गरोदर मैत्रिणीवर एक टोळी हल्ला करते, पोटातलं बाळ जातं. ती पोरं तरुण गुन्हेगारांच्या तुरुंगात आहेत म्हटल्यावर टॉमी मुद्दाम गुन्हा करून आत शिरतो, एकेकाला गाठायला. बघताना आपल्याही मुठी आवळतात. सूड बघणाऱ्याला हलकं करतो, हे मी नाकारत नाही. मात्र टॉमीचं दुःख त्याचं स्वतःचं आहे. आमच्याकडच्या पोराच्या हाती येतं ते आज्याचं, बापाचं, चुलत्यांचं. त्याला सातबाऱ्याबरोबर वैरही वारशानं मिळतं.

पोलीस ठाणं गावातच आहे. कुऱ्हाड चालवलेल्या पोराला तिथं आणलं की पहिला प्रश्न वयाचा. शाळेचा दाखला निघतो. अठरा पूर्ण नसतील तर लॉकअप नाही. बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होतो. नाव छापायला कायद्यानं मनाई आहे. पेपर नाव छापत नाही आणि गावाला दुसरा विषय नसतो. 2015च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या पोरांची एक वेगळी वाट केली: गुन्हा निर्घृण असेल तर मंडळ आधी त्याची समज आणि परिस्थिती तपासतं, आणि त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का ते ठरवतं. तरीही फाशी नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. लोक यावर चिडतात. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्या चिडण्याला मी नावं ठेवणार नाही. पण सुटकेचं दार उघडं ठेवणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे.

त्या दाराला आपल्याकडं जुना आधार आहे. इंग्लंडात केंट परगण्यातल्या बोर्स्टल गावी 1902च्या सुमारास तरुण कैद्यांसाठी निराळी संस्था सुरू झाली, आणि मुंबई इलाख्यानं 1929 साली तसाच कायदा केला. मला मात्र जवळचं वाटतं ते आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. 1939 साली औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीनं तिथं कैद्यांची खुली वसाहत उभी केली. भिंत नाही, शेत आहे; कैदी बायकापोरांसह राहून ते कसतात. गदिमांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ केला. ते कैदी मोठी माणसं होती, पोरं नव्हेत. पण ज्या मातीवरून माणूस मारला जातो तीच माती खुन्याच्या हाती द्यायची, ही हिंमत मला फार मोठी वाटते.

आपल्याकडं ती हिंमत कागदावर आहे, गावात उतरत नाही. परिविक्षा अधिकाऱ्यानं पंधरा दिवसांत पोराचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो: घर कसं, शाळा कशी, संगत कुणाची. तो पारावर येतो तेव्हा माणसं उठून जातात. “आम्हाला काय माहीत, साहेब?” सगळ्यांना सगळं माहीत असतं. बांध कुणी कोरला, तलाठ्याकडं कोण किती खेटे घालून थकलं, मोजणीच्या दिवशी कोण मुद्दाम परगावी गेलं. हे अहवालात आलं नाही, तर त्या कागदावर नुसती कुऱ्हाड उरते.

आणि ज्या घरातला माणूस गेला, त्या घरातही आठ-नऊ वर्षांचं एक पोर असतं. त्याच्यासाठी कुणी अहवाल मागत नाही. तेराव्याला जमलेले पाहुणे त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, “बापाचं नाव राख.” त्या मांडवात कुणीतरी जाणत्यानं उठून पाहुण्यांना गप्प करायला पाहिजे, आणि पोराला तिथून उठवून शाळेच्या मास्तरांकडं न्यायला पाहिजे.