भाऊबंदकी, पण ड्रॅगनवाली

'गेम ऑफ थ्रोन्स'ची ८ सीझन आणि ७३ भागांची वारी २०१९ मध्ये एकदाची संपली, तेव्हा मी कानाला खडा लावला होता. शेवटी शेवटी तर कोण कुठल्या खंडावर आहे आणि सध्या कोणाच्या बाजूने आहे, याची एक्सेल शीट करावी लागेल की काय असं वाटत होतं. मुडद्यांबरोबरची ती महालढाई इतक्या अंधारात झाली की टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून वाढवून मी थकलो. असो.

त्यामुळे २०२२ मध्ये 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' आलं तेव्हा मी ढुंकूनही पाहिलं नाही. बघितलं ते बऱ्याच उशिरा, साताऱ्याला घरी गेलो होतो तेव्हा. आणि जाम आवडलं. कारण अगदी साधं आहे. हा मामला छोटा आहे. जुन्या मालिकेच्या जवळपास दोनशे वर्षं आधीचं एकच घराणं, दोन-तीन वाडे (बरं, किल्ले) आणि एक सिंहासन. पहिल्या सीझनच्या १० भागांत लढाई अशी एखाददुसरीच. ड्रॅगन आहेत, पण ते आपल्याकडे दारात बुलेट उभी असते तसे. दिसले की समजायचं, या घराशी जरा जपून बोलायचं.

राजा व्हिसेरिसला एकच मुलगी, रेनीरा. भावाला डावलून तो तिला वारस जाहीर करतो, सगळे सरदार शपथा घेतात. मग राजा दुसरं लग्न करतो, तेही मुलीच्याच जिवलग मैत्रिणीशी, ॲलिसेंटशी. तिला मुलगा होतो. झालं! पुढचं सगळं यातच आलं.

आई शेजारी बसून बघत होती आणि मी जमेल तसा अनुवाद करत होतो (मधूनमधून रिमोटवर हात ठेवून. आईबरोबर बघायची मालिका नाहीये ही, आधीच सांगून ठेवतो). तिला नावं शेवटपर्यंत जमली नाहीत, पण नाती पहिल्या तासात पाठ. "म्हणजे पोरीची मैत्रीण बापाने बिजवराच्या गळ्यात बांधली होय?" आणि दोन भागांनंतर, "अरे, याने नुसत्या शपथा घेतल्या. कागद कुठाय? वाटण्या जिवंतपणी करायच्या असतात."

आई मूळची सांगलीची. त्या संस्थानाचा जन्मच मुळी भाऊबंदकीतून झालेला. पटवर्धनांच्या घरात काका-पुतण्याचं फाटलं आणि १८०१ मध्ये चिंतामणराव मिरज सोडून सांगलीला आले.

जॉर्ज मार्टिनने ही गोष्ट बाराव्या शतकातल्या इंग्लंडवरून घेतली म्हणतात. तिथेही राजाने मुलीला, माटिल्डाला, वारस नेमलं आणि राजा गेल्यावर भाच्याने गादी पटकावली. पण त्याला कोणी साताऱ्याचा पत्ता दिला असता तर एवढं मागे जायची गरज पडली नसती. राजाराम महाराज १७०० मध्ये वारले आणि ताराबाईंनी लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि मुघलांनी शाहूला सोडलं, भांडा म्हणून. ताराबाई म्हणाल्या, हा तोतया आहे. खेडला लढाई झाली, धनाजी जाधव शाहूकडे गेले, आणि जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्यात स्वतःला अभिषेक करवला. पुढे १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंना कैद केलं ते सवत राजसबाईंनी. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला. नदीच्या उत्तरेचं साताऱ्याला, दक्षिणेचं कोल्हापूरला. हरिपूरला जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथे आम्ही लहानपणी मामाबरोबर जायचो. ही नदी म्हणजे एका घराची वाटणी आहे, हे तेव्हा कोण सांगणार?

आणि ड्रॅगनवाल्यांनाही सुचणार नाही असा भाग पुढेच आहे. उतारवयात ताराबाई साताऱ्यात पुतण्याकडेच येऊन राहिल्या. शाहूंना मुलगा नव्हता. माझा नातू आहे म्हणून त्यांनी रामराजाला पुढे केलं, आणि तो गादीवर बसून ऐकेना तेव्हा १७५० मध्ये त्यालाच कैद केलं आणि जाहीर केलं, हा माझा नातू नव्हेच! समोर दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्यावर हे घडलंय, आणि आम्ही तिथे सकाळी वजन कमी करायला चढतो.

मालिकेतला आठवा भाग मात्र शांतपणे बघा. अर्धा चेहरा सडलेला राजा काठी टेकत सिंहासनापर्यंत जातो. मुकुट पडतो. ज्याला वारसा नाकारला तोच भाऊ तो उचलून त्याच्या डोक्यावर ठेवतो. मग रात्री सगळ्यांना एका टेबलावर बसवून राजा मुखवटा काढतो आणि म्हातारपणची एकच भीक मागतो, निदान माझ्यासमोर तरी भांडू नका. दहा मिनिटं खरंच सगळे गोड वागतात. त्याला उचलून आत नेतात आणि पोरांचे टोमणे सुरू. मला हजारो मुडद्यांच्या लढाईत काही झालं नव्हतं. इथे घशाशी आलं.

आईने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "आक्काचं असंच झालं."

आक्का म्हणजे माझी आत्या. आजोबांच्या तेराव्यानंतर हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली गेली. विचारलं कोणीच नाही. पेन हातात दिलं, रेघेवर बोट ठेवलं. वर साडीचोळी. ती एक शब्द बोलली नाही, पण त्या वर्षापासून भाऊबीजेला ती आमच्याकडे आली नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ मध्ये देशभर मिळाला. तरी आमच्याकडे आजही 'सही कधी करतेस' हाच प्रश्न असतो, 'किती घेतेस' हा नसतो.

आई जेवताना बाबांना सरळ म्हणाली, "तुम्ही असेपर्यंत कागद करायचे. तोंडी नाही. आणि ताईचं नाव आधी." बाबा बराच वेळ आमटीच ढवळत राहिले. मग म्हणाले, "बघू." नंतर मला बाहेर बोलावून विचारलं, "तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, अर्धं तिचं. त्यांना राग आला की हायसं वाटलं, अजून कळलेलं नाही.

ताई पुढच्या शनिवारी येतेय. बाबांनी सातबारा आणि आठ-अ काढून आणलेत, आत्यालाही फोन केलाय, ती येईल असं वाटत नाही. दुसरा सीझन (२०२४, ८ भाग) आईला अजून दाखवलेला नाही. त्यात ड्रॅगन एकमेकांना फाडतात, तिला कितपत आवडेल शंकाच आहे.