भिंतीवरून परत उतरणारा माणूस

जॉन ल कारे यांची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि १९६५ साली मार्टिन रिट यांनी तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट केला. १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहत असताना ल कारे ब्रिटिश सेवेत बॉन येथे नेमणुकीवर होते. तेव्हा या कादंबरीतील भिंत केवळ प्रतीक नव्हे. जेम्स बाँडच्या रंगीत ऐश्वर्याचे ते दिवस. अशा काळात छायालेखक ऑस्वल्ड मॉरिस यांनी कृष्णधवल, किंबहुना करड्या रंगाची निवड केली, हीच या रूपांतराची पहिली समीक्षकीय कृती होय.

खरा पेच मात्र निवेदनाचा आहे. लंडनमधील वरिष्ठाशी, म्हणजे 'कंट्रोल'शी बोलणे झाल्यावर लीमस दारूत बुडू लागतो, आणि इतका वेळ त्याच्या खांद्याशी उभा असलेला निवेदक अकस्मात मागे सरून कचेरीतील कुजबुजीच्या स्वरात बोलू लागतो. वाचकाशी खोटे कोणी बोलत नाही. सहकारी काय म्हणत होते एवढेच सांगितले जाते. हे झाले लपवणे. पुढचे रहस्य वेगळ्या जातीचे आहे. ज्या मुंटचा नाश करायला आपल्याला धाडले असे लीमस समजतो, तो लंडनचाच माणूस असतो आणि बळी जायचा असतो तो प्रामाणिक फीडलर. हे लीमसलाच ठाऊक नसल्याने त्याच्या जाणिवेलगत चालणारे निवेदन येथे निर्दोष राहते. वाचक फसतो तो नायकाबरोबरच.

कॅमेऱ्याला कुजबुजीचा हा स्वर नाही. त्याची जागा रिचर्ड बर्टनच्या चेहऱ्याने घेतली आहे. वाण्याला मारहाण करणारा लीमस सोंग करीत आहे की खरोखरच संतापला आहे, हे त्या चेहऱ्यावरून ठरवता येत नाही. संताप खरा आहे असेच मानावेसे वाटते. सोंग वठते ते त्यामुळेच.

रूपांतराने जे गमावले त्याची चर्चा सहसा नायिकेच्या नावापाशीच थांबते. कादंबरीतील लिझ गोल्ड चित्रपटात नॅन पेरी झाली. बर्टनची पत्नी एलिझाबेथ टेलर, म्हणून हा बदल, असे सांगतात. पण आडनावाबरोबर तिचे ज्यूपणही गेले, ही बाब किरकोळ नव्हे. पूर्वाश्रमीच्या नाझी मुंटला वाचवण्यासाठी लंडन ज्यांचा बळी देते ते फीडलर आणि लिझ, दोघेही ज्यू आहेत. युद्ध संपून वीस वर्षेही झाली नसताना विजेत्यांपैकी एकाने केलेला हा हिशेब कादंबरी न बोलता मांडते. चित्रपटात ऑस्कर वेर्नरचा फीडलर अविस्मरणीय आहे, पण तो या हिशेबात एकटा पडतो; नॅन ही केवळ एक भाबडी कम्युनिस्ट तरुणी उरते. क्लेअर ब्लूमच्या संयत अभिनयानेही ही उणीव भरून निघत नाही.

शीर्षकाविषयी जाता जाता एक. 'थंडीतून आत येणे' ही हेरांची परिभाषा मराठीत आणताना अडखळायला होते. आपल्याकडे गारवा सुखाचा, होरपळ बाहेरची; आत येणे म्हणजे सावलीत येणे. युरोपीय हिवाळ्यात आत शेकोटी असते, आणि लीमसला आत कोठेच शेकोटी नाही, ही शीर्षकातील क्रूर थट्टा शब्दशः भाषांतरात विझून जाते.

शेवटी लिझ भिंतीवर मारली जाते. पश्चिमेच्या बाजूने लीमसला हाका येत असतात आणि तो उलट दिशेने, तिच्या प्रेताकडे उतरतो. चित्रपट येथे गोळ्यांच्या आवाजाने संपतो. कादंबरीत मात्र कोसळणाऱ्या लीमसला अजस्र मालमोटारींमध्ये चिरडलेली एक लहानशी गाडी दिसते, आणि खिडकीतून आनंदाने हात हलवणारी मुले. ती गाडी त्याने पूर्वी एकदा रस्त्यावर पाहिली होती. तेव्हा तिला आपली धडक बसता बसता राहिली, म्हणून तो थरथरला होता. रिट यांनी ती मुले वगळली.