जरा 'आ' करा!

'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण ज्याने कुणी रचली, त्याला एकदा माझ्या विद्यार्थिनींपुढे आणून बसवावे असे मला फार वाटते. कारण दात कोरूनच पोट भरण्याची विद्या त्या शिकत असतात. या विद्येला कागदोपत्री 'डेंटल हायजिन' असे भारदस्त नाव आहे. परंतु माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेला रोगी सरळ विचारतो, "दात साफ करणाऱ्या ताई आल्यात का?" तेव्हा त्या मुलींचे चेहरे जरासे उतरतात. मला मात्र ते नाव आवडते. डॉक्टर म्हटले की माणूस तोंड मिटतो. ताई म्हटले की उघडतो!

तसा हा व्यवसाय फार जुना नव्हे. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. दात किडल्यावर उपटण्यापेक्षा ते आधीच स्वच्छ ठेवावेत, हा विचार त्यांना गप्प बसू देईना. 1906 साली त्यांनी आपल्याच दवाखान्यातील मदतनीस, नात्याने त्यांची बहीण लागणाऱ्या आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवले. पुढे 1913 मध्ये दवाखान्यालगतच्या गॅरेजात त्यांनी शाळा काढली आणि तिथून शिकून निघालेल्या स्त्रिया गावच्या शाळांतील मुलांचे दात घासू लागल्या. आपल्याकडे 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने या कामाची व्याख्या केली. दातांवरचा थर खरवडणे, दात स्वच्छ करून त्यांना चकाकी आणणे आणि दातांच्या निगेविषयी लोकांना शिकवणे! व्याख्या एका ओळीची. पण ती ओळ बोटांत उतरायला दोन वर्षेही अपुरी पडतात.

आरंभी मुलींना रोगी मिळतो तो प्लॅस्टिकचा. नुसते डोके आणि त्यात बसवलेले दात. असा गुणी रोगी त्रिभुवनात नसेल. त्याला उमासा येत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही, आणि 'अजून किती वेळ?' असे तो विचारीत नाही. त्याच्यावर मुली बसायची जागा शिकतात. रोग्याचे डोके म्हणजे घड्याळातले बारा, त्या हिशेबाने उजव्या हाताने काम करणारीने आठ ते बाराच्या दरम्यान फिरायचे. मग हत्यार पेनासारखे धरायचे आणि एक बोट शेजारच्या दातावर टेकवून ठेवायचे, म्हणजे रोगी दचकला तरी हात निसटत नाही. हिरडीची खोली मोजणारी एक बारीक सळई असते. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर जाते. त्याहून खोल गेली की काहीतरी बिघडले समजावे. ती दाबायची किती? सुमारे पंचवीस ग्रॅम वजनाइतकीच. हा दाब कळावा म्हणून मी मुलींना सळईचे टोक स्वतःच्या नखाखाली हलकेच टेकवायला सांगते. दुखले, तर समोरच्यालाही दुखणार! दयेचा याहून छोटा धडा मला ठाऊक नाही.

दुसऱ्या वर्षी या मुली माझ्या स्वारगेटच्या दवाखान्यात सरावाला येतात, आणि प्लॅस्टिकच्या डोक्याने शिकवलेले सारे शहाणपण पहिल्या तासात पणाला लागते. स्वारगेट हे काही नुसते ठिकाण नव्हे. ती एक घाई आहे. साताऱ्याची गाडी, सोलापूरची गाडी, कोकणातली गाडी. आणि सप्टेंबर 2024 पासून जमिनीच्या पोटातून मेट्रोसुद्धा! माझ्याकडचे निम्मे रोगी दोन गाड्यांच्या मधल्या वेळेतले. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर ठेवून माणूस 'आ' करतो.

अशा माणसाला आधी चार प्रश्न विचारायचे असतात, ते प्लॅस्टिकच्या डोक्याला कधी विचारलेले नसतात. साखर आहे का? हृदयाची झडप बदलली आहे का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? या उत्तरांवर सारे अवलंबून असते. झडप बदललेल्याला हिरडीला हात लावण्याआधी औषध द्यावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी त्याच्या डॉक्टरला विचारल्याविना बंद करायला सांगायची नसते. साखरेचा रोगी तर रक्त तपासायचे समजून उपाशीच येतो, आणि खुर्चीत घाम फुटून गळून जातो. म्हणून त्याला बजावायचे, "काका, जेवून, गोळी घेऊन या."

पण खरे उत्तर पहिल्या प्रश्नाला सहसा मिळत नाही. गेल्या वर्षी सातारकडच्या एक आजी आल्या. नातवाचे लग्न तोंडावर आलेले. "पोरी, दात पांढरं कर. फोटू निघायचाय," एवढीच मागणी. माझ्या विद्यार्थिनीने कागद पुढे ओढून विचारले, "आजी, तंबाखू खाता का?"

"न्हाई बाई. आमच्यात बायका न्हाईत खात."

कागदावर 'नाही' लिहून मोकळे होणे अगदी सोपे होते. पण ती पोर आटपाडीकडची. तिने पेन खाली ठेवले आणि सहज बोलल्यासारखे म्हणाली, "आमची आजी मशेरी लावते. तुम्ही?"

"मशेरी व्हय? ती लावते की! दिसातनं चारदा. तिला कुटं तमाखू म्हंत्यात?"

भाजलेल्या तंबाखूचीच ती पूड. पण आजींच्या लेखी ती दात घासायची वस्तू! मुलीने आरसा घेतला आणि दातांकडे न बघता आधी गालाची आतली बाजू पाहिली. मशेरी जिथे दाबून धरतात, नेमका तिथेच पांढरा डाग होता. कापसाने पुसला तरी जाईना. तिने हत्यार परत ताटलीत ठेवले आणि मला हाक मारली. आवाजात घाबरेपणा नव्हता, हे मी मुद्दाम ऐकले.

आजी मात्र रागावल्या. दात तसेच राहिले, गाडीही चुकली. ती मुलगी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली. 'कॅन्सर' हा शब्द तिने उच्चारला नाही आणि 'काही नाही हो' असे खोटेही सांगितले नाही. "आजी, हा डाग मोठ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी दात घासणार नाही. नातवाच्या लग्नात तुम्ही हव्यात, नुसते दात नकोत."

डागाचा तुकडा तपासला. तो कर्करोग नव्हता. परंतु त्या वाटेला लागलेला होता. वेळेत सापडला. मशेरी सुटली का? आजी म्हणतात सुटली. सून म्हणते निम्मी सुटली. तपासणीला मात्र त्या न चुकता येतात, आणि येताना 'माझ्या पोरी'साठी शेंगा आणतात.

आता दातांवरचा थर काढायला यंत्र आले आहे. त्याचे टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरते. हाताने तासभर खरवडावे, ते काही मिनिटांत होते. परंतु 'आमची आजी मशेरी लावते' हे वाक्य ते यंत्र बोलणार नाही. परीक्षेत किती दात स्वच्छ झाले याला गुण असतात. पेन खाली ठेवण्याला नसतात. मी मात्र मनातल्या वहीत ते गुण टिपून ठेवते. हात तयार करायला दोन वर्षे पुरतील एक वेळ; पण माणूस 'नाही' म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचे असते, हे ऐकणारा कान तयार झाला, की मग मी मुलीला सांगते, "जा, आता तू कुणाच्याही तोंडाला हात लावायला मोकळी!"

या दिवाळीत फराळाचे ताट पुढे येईल, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांकडे जरा बघा. चकली बाजूला सारून कुणी नुसतीच मऊ करंजी घेत असेल, किंवा तिखट चिवड्याने कुणाचा गाल चुरचुरत असेल, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. तोंडातली जखम किंवा डाग दोन आठवड्यांत गेला नाही तर तो दाखवलाच पाहिजे, एवढे मी माझ्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते; तुम्हीही शिकून ठेवा. उजेडाचाच सण आहे. एक पणती उंबऱ्यावर ठेवा, आणि एकदा बॅटरी हातात घेऊन आजीला लाडाने म्हणा, "आजी, जरा 'आ' कर बघू!"